डब्ल्यू आणि वायच्या मधलं गाव

कॅनडातल्या मॅनिटू बीचच्या खारट तळ्यात दिवसभर तरंगलो, मजा आली, गर्दी फार होती. एवढं सांगून ती सहल संपवते, कारण मनात राहिलं ते परतीच्या वाटेवरचं झीना.

सॅस्कॅटूनकडे निघालो तेव्हा भाची नकाशा बघत ओरडली, "मावशी, वॉट्रस, झीना, यंग, झेल्मा!" डब्ल्यू, एक्स, वाय, झेड. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी ग्रँड ट्रंक पॅसिफिक रेल्वेने या माळावर रूळ टाकले आणि स्टेशनांना ओळीने मुळाक्षरांची नावं देत सुटली. घोडागाडीतून गहू आणणारा शेतकरी त्याच दिवशी घरी परतला पाहिजे, म्हणून साधारण दर बारा-पंधरा किलोमीटरला एक स्टेशन आणि शेजारी धान्याचं उंच लाकडी कोठार. गाव नंतर वसायचं, नाव आधी तयार! आपल्याकडे कुणी क, ख, ग, घ करत निघालं असतं, तर पाचव्या स्टेशनाला ङपाशीच घोडं अडलं असतं. यांना एक्सला निदान झीना तरी सुचलं.

भाऊजींना गाडी थांबवायला लावली. ते वैतागलेच. "इथे काय बघायचंय?"

खरंच, काय होतं? रूळ, कमरेएवढं गवत आणि सरळ रेषेत वाढलेली झुडपं. रानातली झुडपं अशी रांगेत उभी राहत नाहीत; कुणीतरी अंगणाला वारा लागू नये म्हणून लावली असणार. मी तिथेच खिळले. पक्के रस्ते झाले, ट्रक आले, धान्य लांबच्या मोठ्या कोठारांत जाऊ लागलं. रेल्वेने धान्य नेण्यासाठीची सरकारी मदत १९९५ साली बंद झाली, आणि माळावरची उरलीसुरली लहान कोठारंही भराभर पडली. रेल्वेचं तरी काय झालं? अध्यक्ष चार्ल्स हेज १९१२ मध्ये टायटॅनिकबरोबर बुडाले, कंपनी १९१९ मध्ये बुडाली. रूळ आता कॅनेडियन नॅशनलचे.

तेवढ्यात मालगाडी आली. क्रॉसिंगला भोंगा वाजवायचा म्हणून वाजवला आणि धडधडत निघाली. मी एकशे चार डबे मोजले, मग डासांनी हरवलं.

गाडीत बसल्यावर भाऊजी बराच वेळ बोलले नाहीत. यंग गेलं, झेल्मा गेलं. भाची पेंगत होती. पुढची पाटी दिसली तशी एकदम ताठ बसली.

"ॲलन! मावशी, पुन्हा एपासून!"