पेट्रोलच्या वाफा, एक अडकलेला व्हॉल्व्ह आणि पंपावरची 'राउंड फिगर'

कॅलिफोर्नियात डॅशबोर्डवरचा पिवळा 'चेक इंजिन' दिवा लागला की प्रश्न गॅरेजपुरता राहत नाही. येथे ८ वर्षांहून जुन्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना नोंदणीसाठी दर दोन वर्षांनी 'स्मॉग चेक' (प्रदूषण तपासणी) द्यावा लागतो आणि दिवा पेटलेली गाडी त्यात नापास होते. माझ्या गाडीत स्कॅनरने पी०४४१ हा कोड दाखवला, म्हणजे पेट्रोलच्या वाफांचा इंजिनाकडे जाणारा प्रवाह हवा तसा नव्हता.

पेट्रोल उभ्या गाडीतही उडत राहते आणि त्याच्या वाफांपासून उन्हात ओझोन तयार होतो, म्हणून या राज्याने १९७० च्या मॉडेलपासूनच त्या अडवणे सक्तीचे केले. टाकीतल्या वाफा कोळसा भरलेल्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, साठतात आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडून त्या जाळण्यासाठी आत ओढल्या जातात.

टाकी भरल्यानंतर लगेच गाडी चालू व्हायला बराच वेळ सेल्फ मारावा लागत होता, आणि माझ्या मते निदानाचा खरा धागा हाच होता. कारण व्हॉल्व्ह उघडाच अडकला असेल, तर पेट्रोल भरताना ढकलल्या गेलेल्या वाफा थेट इंजिनात शिरतात आणि मिश्रण बिघडते. टाकीच्या झाकणाचे रबर शाबूत होते. मग थंड इंजिन चालू करून व्हॉल्व्हकडे येणारी कॅनिस्टरची नळी काढली आणि व्हॉल्व्हच्या मोकळ्या तोंडावर बोट धरले, तर स्पष्ट ओढ जाणवली. विजेचा कनेक्टर काढूनही ती थांबली नाही. वीज नसताना हा व्हॉल्व्ह बंदच असायला हवा.

काढलेला व्हॉल्व्ह तळहातावर आपटला तेव्हा काळे, खरखरीत कण बाहेर पडले. तो कॅनिस्टरमधला कोळसा होता. नुसता व्हॉल्व्ह बदलला असता, तर तोही काही दिवसांत असाच अडकला असता, म्हणून कॅनिस्टरही बदलला आणि मधली नळी हवेने साफ केली.

ठाण्याला बाबांना हे फोनवर सांगितले, तेव्हा त्यांनी लगेच विचारले, "अरे, मग आपल्या घोडबंदर रोडच्या पंपावर नोझल बंद झाल्यावरही राउंड फिगरसाठी टाकत राहतात, त्याचे काय?" प्रश्न अगदी नेमका होता. टाकी गळ्यापर्यंत भरली की द्रव पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरू शकते आणि कोळसा खराब होतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ पेट्रोल गाड्यांतही असाच कॅनिस्टर असतो. नोझल पहिल्यांदा बंद पडले की "बस, एवढेच" असे जरूर सांगा. यूपीआयमुळे आता सुट्ट्या पैशांची अडचणही उरलेली नाही.

दुरुस्तीनंतर कोड पुसला की गाडीच्या स्वतःच्या चाचण्या नव्याने सुरू होतात. वाफांची चाचणी रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर, टाकी फार भरलेली किंवा फार रिकामी नसतानाच होते. त्यामुळे टाकी निम्म्याच्या आसपास ठेवून नेहमीसारखी गाडी चालवली आणि स्कॅनरवर ती चाचणी पूर्ण झाल्याचे दिसल्यावरच स्मॉग चेकची वेळ घेतली.