पाणी उतरलं होतं, म्हणूनच राफ्ट अडकली

राफ्टिंगला येणारी मंडळी पाणी जास्त दिसलं की बिचकतात आणि कमी दिसलं की हिरमुसतात. त्या दिवशी राफ्टमध्ये हवा भरत असतानाच एकाने विचारलं, "दादा, पाणी कमी वाटतंय, मजा येईल ना?" मजा येतेच. उतरलेल्या पाण्यात नदी जास्त देखणी दिसते. तळाचे गोटे दिसतात, दोन रॅपिडच्या, म्हणजे उसळत्या पाण्याच्या टप्प्यांच्या, मधले डोह काचेसारखे असतात, राफ्ट थांबवून पोहायला वेळ मिळतो. पण आमच्या नदीवर राफ्ट कातळाला चिकटते ती बहुतेक वेळा याच पातळीला. भरल्या पाण्यात निम्मे कातळ बुडालेले असतात, राफ्ट त्यांच्यावरून सरकून जाते. पाणी उतरलं की ते डोकं वर काढतात, मधली वाट अरुंद होते, आणि सव्वाचार मीटरची राफ्ट त्या वाटेत आडवी झाली की तिला जायला जागाच उरत नाही.

तीन राफ्ट होत्या, प्रत्येकीत सहा पाहुणे आणि एक गाइड, शिवाय एक सेफ्टी कयाक, म्हणजे मदतीसाठी सोबत असणारी एका माणसाची छोटी होडी. मी पुढच्या राफ्टवर होतो. सुरुवातीच्या डोहात दहा मिनिटं तरंगल्यावर तिन्ही राफ्टमध्ये पुन्हा पंप मारला. उन्हात टणटणीत भरलेली राफ्ट गार पाण्यात उतरली की आतली हवा आकसते आणि ट्यूब मऊ पडतात. दोन ते अडीच पीएसआय दाब असला तर राफ्ट कातळावर आपटून परत उसळते. मऊ राफ्ट त्याच कातळाभोवती वाकते. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळणारे बरेच असतात.

मग कमांडची उजळणी झाली. फॉरवर्ड, बॅक, स्टॉप, गेट डाऊन हे सगळ्यांना पटकन जमतं. पाचवी कमांड 'हाय साइड'. ती डोक्याला पटते, अंगाला पटत नाही. राफ्ट कातळावर आडवी आपटली की सगळ्यांनी कातळाच्या बाजूच्या ट्यूबवर झेप घ्यायची, म्हणजे ज्याची भीती वाटते त्याच्याच अंगावर जायचं. माणूस उपजत बुद्धीने कातळापासून मागे सरतो. त्याचं वजन प्रवाहाकडच्या ट्यूबवर पडतं, ती ट्यूब पाण्याखाली जाते, पाणी आत शिरतं आणि खेळ संपतो. हातात साधारण दोन सेकंद असतात. म्हणून ही कमांड डोहात तीन-चारदा प्रत्यक्ष करून घ्यायची, नुसती सांगून उपयोग नाही.

तिसऱ्या ग्रेडचा तो रॅपिड तसा सरळ आहे. वरून बघताना पाण्यात इंग्रजी व्हीचा आकार दिसतो. टोक प्रवाहाच्या दिशेला असेल तर ती खोल, मोकळी वाट, आणि टोक आपल्याकडे असेल तर त्याच्या खाली दगड आहे. मोकळ्या वाटेने आत शिरायचं, पहिली लाट ओलांडली की चार-पाच जोरदार फॉरवर्ड मारून डावीकडे निघायचं, कारण समोर मधोमध मोठा कातळ आहे. पहिल्या दोन राफ्ट ओळीने उतरल्या आणि उजव्या काठाच्या एडीत, म्हणजे उलट फिरणाऱ्या शांत पाण्यात, लागल्या. दोन्हींतला एकेक माणूस थ्रो बॅग, म्हणजे फेकायच्या दोराची पिशवी, घेऊन काठावर उभा राहिला. नदीवर डावा-उजवा काठ नेहमी प्रवाहाच्या दिशेला तोंड करून मोजायचा, नाहीतर घाईत अर्धे लोक भलत्याच काठावर जातात.

तिसऱ्या राफ्टमध्ये पहिल्या लाटेला पुढचा एक जण उसळून आतल्या आत मागच्यांच्या मांडीवर आला. कोणालाच लागलं नाही, पण सगळ्यांची वल्ही थांबली. वल्ही थांबली की राफ्ट पाण्याच्याच वेगाने वाहते, आणि पाण्याच्या वेगाने वाहणारी राफ्ट वळत नाही. वळण्यासाठी ती पाण्याहून वेगात तरी हवी किंवा हळू तरी. मागून एकटा गाइड ओढत राहिला, तोवर नाक उजवीकडे फिरलं आणि राफ्ट आडवी होऊन कातळावर बसली. 'हाय साइड'ची आरोळी आम्हाला काठावर ऐकू आली. तिघं कातळाकडे झेपावले, तिघं मागे सरले. प्रवाहाकडची ट्यूब बुडाली आणि ओला टॉवेल खांबाभोवती गुंडाळावा तशी राफ्ट कातळाला लपेटली.

मी शिट्टी तीनदा फुंकली. एक शिट्टी म्हणजे इकडे लक्ष द्या, तीन म्हणजे आणीबाणी. त्यानंतरचं पहिलं काम डोकी मोजणं. सात माणसं होती. गाइड धरून पाच कातळावर, दोन पाण्यात. राफ्टकडे त्या वेळी कोणी बघायचंही नसतं. आधी स्वतःचा जीव, मग सोबत्यांचा, मग अडकलेल्याचा, सामान सगळ्यात शेवटी. वाहत आलेल्यांपैकी एकीला कयाकवाल्याने मागच्या हँडलला धरायला लावून एडीत आणलं. दुसऱ्याला थ्रो बॅग गेली. फेकण्याआधी "दोर!" अशी हाक मारून त्याची नजर आपल्याकडे वळवायची आणि बॅग त्याच्या डोक्यावरून पलीकडे जाईल अशी फेकायची, म्हणजे दोर त्याच्या छातीवर पडतो. पोहणाऱ्याने दोर धरायचा, बॅग नाही, कारण बॅगेतून दोर अजून सुटत असतो. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही. पाठीवर पडून, दोर खांद्यावरून घेऊन, तोंड काठापासून वळवलेलं ठेवलं की प्रवाहच माणसाला झोक्याने काठाला लावतो. या गृहस्थांनी काठ जवळ येताच उभं राहायचा प्रयत्न केला आणि दोन-तीन जण एकदम ओरडले. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर त्यात उभं राहू नये. पाय दोन दगडांत अडकला की मागचं पाणी माणसाला पुढे पाडतं, आणि मग कमरेएवढं पाणीही बुडवायला पुरतं. बूड तळाला घासेपर्यंत तरंगतच यायचं.

कातळावरचे पाहुणे उडी मारायला तयार होते. त्यांच्या गाइडने त्यांना खाली बसवून ठेवलं, आणि ते योग्यच होतं. एवढा मोठा कातळ असला की त्याच्या मागे पाणी उलटं फिरतं आणि शांत जागा तयार होते. दुसरी राफ्ट रिकामी करून आम्ही दोघा गाइडनी ती खालच्या डोहातून वल्हवत त्या एडीत नेली आणि चौघांना एकेक करून उतरवून घेतलं. दिसायला अगदी नीरस काम. सुटका नीरस झाली की समजावं नीट झाली. एकाला राफ्टला बांधलेली आपली बॅग काढायची होती. त्याला हात धरून मागे घ्यावं लागलं. ताणलेल्या राफ्टच्या दोऱ्यांत आणि घड्यांत हात किंवा पाय गेला आणि ती अचानक हलली, तर तो तिथेच राहतो.

माणसं काठावर आल्यावर त्यांना उन्हात बसवलं, ओले टी-शर्ट उतरवून विंडचीटर दिले, गोड खायला दिलं. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण पंचवीसपट वेगाने ओढतं, त्यामुळे ऊन असतानाही दोघांचे दात वाजत होते. मग राफ्टकडे वळलो.

अडकलेल्या राफ्टवर पाणी किती दाबतं याचा अंदाज आधी घ्यावा. सेकंदाला तीन मीटर वेगाचं पाणी दर चौरस मीटरला साडेचारशे किलोच्या आसपास जोर लावतं. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. राफ्टचं अंग तीन चौरस मीटर तरी पाण्यापुढे होतं, म्हणजे सव्वा टनाच्या वर. हा आकडा ऐकून लोक हात टेकतात, पण आपल्याला सव्वा टन उचलायचा नसतो. आमच्या राफ्टचा दोन तृतीयांश भाग कातळाच्या डावीकडे होता आणि एक तृतीयांश उजवीकडे. डावीकडचं पाणी तिला डावीकडे न्यायला बघतच होतं. उजवीकडचा दाब आणि कातळाचं घर्षण तिला धरून होतं. तो तोल मोडला की पुरे. उरलेलं काम नदी करते.

आठ जणांनी दोर धरून उजव्या काठावरून सरळ ओढून पाहिलं. काठ जवळचा, माणसं तिथेच, साधन काही लागत नाही, म्हणून हा प्रयत्न नेहमी आधी करावा. कधीकधी तेवढ्यानेच सुटते. पाच मिनिटांत ती तसूभर हलली नाही. हलण्याचं कारणही नव्हतं, कारण उजवीकडून ओढणं म्हणजे जास्त पाण्याच्या विरुद्ध ओढणं. अशा वेळी आणखी चार माणसं बोलवायचा मोह होतो. माझ्या मते माणसं वाढवण्याआधी ओढण्याची दिशा बदलावी.

डावा काठ लांब होता. कयाकवाल्याने थ्रो बॅगचा हलका दोर पलीकडे नेला आणि त्याला बांधून आमचा अकरा मिलिमीटरचा, कमी ताणला जाणारा, साठ मीटरचा दोर ओढून घेतला. दोर, कप्प्या, कॅरॅबिनर (उघडझाप होणाऱ्या कड्या) आणि पट्ट्यांचा संच सगळ्यात मागच्या राफ्टमध्ये ठेवायची पद्धत आहे, कारण पुढच्या राफ्टला मागे येता येत नाही. पण मागचीच अडकली तर? म्हणून आम्ही दोन संच ठेवतो, एक मागे, एक पुढे. मागचा त्या वेळी पाण्याखाली होता.

कातळावरच्या गाइडने दोर एकाच डी-रिंगला न बांधता दोन डी-रिंग आणि मधल्या थ्वार्टचं (हवा भरलेल्या आडव्या नळीचं) बूड अशा तीन जागी पट्टीने वाटून बांधला. डी-रिंग ही शेवटी राफ्टला चिकटवलेल्या चकतीवरची कडी असते. सगळा भार एकीवर आला की ती सालासकट निघून येते आणि ताणलेल्या दोराबरोबर काठावरच्या माणसांकडे सुटते. काठावर जाड झाडाच्या बुंध्याला पट्टीचे तीन वेढे घेऊन दोन ओढले. असा अँकर झाडावर घट्ट बसतो आणि गाठीवर भार येत नाही. झाड कातळाच्या समोरून थोडं खालच्या अंगाला निवडलं, म्हणजे ओढ डावीकडे आणि जराशी प्रवाहाच्या दिशेलाही पडेल.

मग झेड ड्रॅग, म्हणजे ओढीचा जोर वाढवणारी कप्प्यांची मांडणी, लावला. मुख्य दोर राफ्टकडून येतो, अँकरवरच्या कप्पीतून वळून परत पाण्याकडे जातो, तिथे मुख्य दोरावर प्रुसिकने (भार आला की आवळणाऱ्या छोट्या दोराच्या वेढ्याने) लावलेल्या दुसऱ्या कप्पीतून पुन्हा मागे येतो आणि ओढणाऱ्यांच्या हातात पडतो. हिशेबाने जोर तिप्पट होतो. घर्षणामुळे हातात येतो दुप्पट-अडीचपट. कप्पीच्या जागी नुसता कॅरॅबिनर लावला तर आणखी कमी. अँकरजवळ दुसरा प्रुसिक हवाच, म्हणजे दोर पुन्हा घेताना कमावलेली ओढ निसटत नाही. तीन मीटर ओढलं की राफ्टकडचा दोर एक मीटर येतो, त्यामुळे पुढचा प्रुसिक पुन्हापुन्हा पाण्याकडे सरकवावा लागतो. आमचा पहिला प्रुसिक सरकायला लागला. ओल्या दोरावर दोन वेढे पुरत नाहीत, तीन घेतल्यावर तो बसला. तरी प्रुसिक अधूनमधून सरकतो हे मी वाईट मानत नाही. भार हाताबाहेर चालल्याची सूचना तो बाकी सगळ्याच्या आधी देतो.

ताणलेल्या दोरावर मधोमध एक ओलं लाइफ जॅकेट अडकवलं. दोर तुटलाच तर त्या वजनाने तो खाली पडतो, चाबकासारखा उडत नाही. वळणाच्या आतल्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही, दोर ओलांडायचा नाही, एका माणसाने फक्त वरच्या अंगाला येणाऱ्या दुसऱ्या राफ्टवर नजर ठेवायची. सुरी दोन जणांकडे, हाताशी.

सहा जणांनी ओढलं. दोर ताणला, राफ्ट हातभर सरकली आणि थांबली. कोणीतरी व्हॉल्व उघडून हवा सोडू या म्हणालं. मी थांबवलं. हवा गेलेली ट्यूब कातळाला आणखी चिकटते आणि तरंगण्याची ताकदही जाते. ते करायचंच तर शेवटी, आणि ट्यूबच्या एकाच हवेच्या कप्प्यापुरतं. त्याऐवजी ताण तसाच धरून दोघांनी मधल्या दोराला दुसरा छोटा दोर लावला आणि काटकोनात ओढलं. घट्ट दोराला बाजूने दिलेली ओढ पहिल्या काही इंचांत प्रचंड जोर देते, पुढे लगेच कमी होते. तेवढे इंच पुरले. उजवं टोक कातळावरून घासत वर आलं, डावीकडच्या पाण्याने राफ्ट ओढून घेतली आणि ती दोराच्या टोकाला झोका घेत डाव्या काठाला लागली. सुटण्याच्या क्षणी भार एकदम नाहीसा होतो, म्हणून ओढणाऱ्यांना पाय रोवून, शरीर मागे न झुकवता उभं राहायला सांगावं लागतं. तरी दोघं पाठीवर पडलेच.

तळ बांधायची दोरी चार छिद्रांतून फाटून निघाली होती, एक डी-रिंग अर्धी सुटली होती, थ्वार्ट जागेवरून सरकला होता. पाच पाहुणे दुरुस्त करून घेतलेल्या राफ्टने पुढे आले, एक जण पायवाटेने गाडीपर्यंत चालत गेला. कोणी त्याला आग्रह केला नाही.

संध्याकाळी राफ्ट पूर्ण दाबाने भरून साबणाचं पाणी लावलं आणि रात्रभर तशीच ठेवली. बुडबुडे आले नाहीत, सकाळी दाबही टिकलेला होता. डी-रिंगची जागा घासून, गोंदाचे दोन पातळ थर देऊन चकती बसवली आणि दिवसभर हवा भरली नाही. दोर बोटांमधून फूटफूट सरकवत तपासला. कातळाच्या कडेवर घासलेल्या जागी वरचं कवच चपटं झालं होतं आणि आतला गाभा पोकळ लागत होता. ती जागा टोकापासून दोन मीटरच्या आत होती. तेवढा भाग कापला, नवं टोक वितळवून बंद केलं आणि पिशवीवर साठच्या जागी अठ्ठावन्न लिहिलं.