तुम्ही विचारलंत म्हणून : रिवाज सौदीचे, सही कंपनीची

व्यावसायिक कुस्तीवर मी लिहिते हे ठाऊक असलेले वाचक मला वरचेवर विचारतात की डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती कंपनीने सौदी अरेबियात जाऊन तिथल्या रीतिरिवाजांचा मान राखला, तर त्यात माझा आक्षेप नेमका कशाला आहे.

आक्षेप करारावरच्या सहीला आहे. सौदी क्रीडा प्राधिकरणाशी केलेल्या दहा वर्षांच्या करारातला पहिला मोठा कार्यक्रम २७ एप्रिल २०१८ रोजी जेद्दाहमध्ये झाला. त्यात पन्नास पुरुषांची रॉयल रंबल, म्हणजे एकेक जण रिंगणात उतरत जातो आणि शेवटी उरेल तो जिंकतो अशी लढत, होती आणि महिला कुस्तीगीर एकही नव्हती. त्याच वर्षीच्या जानेवारीत फिलाडेल्फियात महिलांची पहिली रॉयल रंबल भरवून कंपनीने इतिहास घडवल्याची ग्वाही दिली होती. तीन महिन्यांनी त्याच महिलांना तिने मागे ठेवले. कार्यक्रमात दाखवलेल्या एका जाहिरातीत काही महिला कुस्तीगीर झळकल्या, तर तेवढ्यासाठी प्राधिकरणाने असभ्य दृश्ये दिसल्याबद्दल जाहीर माफी मागितली. प्रत्येक संस्कृती वेगळी असते, असे कंपनीचे कुस्तीगीर आणि वरिष्ठ अधिकारी ट्रिपल एच तेव्हा म्हणाले होते.

पण डिसेंबर २०१७ मध्ये शेजारच्या अबू धाबीत साशा बँक्स आणि अलेक्सा ब्लिस अंगभर कपड्यांत लढल्या होत्या. सौदीतही जून २०१९ मध्ये नताल्या आणि अलेक्सा ब्लिस जेद्दाहला पोहोचूनही जी लढत होऊ शकली नाही, ती त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला रियाधमध्ये नताल्या आणि लेसी इव्हान्स यांच्यात झाली. काळ्या अंगभर पोशाखावर टी-शर्ट घातलेल्या त्या दोघी लढत संपल्यावर रिंगणातच एकमेकींना मिठी मारून रडल्या. तो क्षण मला खरोखर मोलाचा वाटतो. मात्र चार-पाच महिन्यांत कोणत्याही समाजाची परंपरा बदलत नाही; बदलली ती सत्ताधाऱ्यांची मर्जी, आणि जी मर्जी बदलू शकते तिच्याशी वाटाघाटी सही करण्यापूर्वीही करता आल्या असत्या.

याच काळातली आणखी एक गोष्ट मला विसरता येत नाही. स्त्रियांना गाडी चालवू द्यावी म्हणून झगडणाऱ्या लुजैन अल-हथलूल यांना मे २०१८ मध्ये अटक झाली आणि जूनमध्ये ती बंदी उठली. रियाधमधल्या त्या लढतीच्या रात्री त्या कैदेतच होत्या. त्यांची सुटका फेब्रुवारी २०२१ मध्ये झाली. हक्क मागणारी स्त्री तुरुंगात असताना वरून मिळालेल्या परवानगीला मी सुधारणा म्हणावे, असा आग्रह मला धरू नका.

त्यानंतर २०२० मध्ये बेली आणि नाओमी विजेतेपदासाठी लढल्या, २०२२ मध्ये जेद्दाहला महिलांची एलिमिनेशन चेंबर, म्हणजे पोलादी पिंजऱ्यातली, लढत झाली, आणि बियांका बेलेअर ती जिंकली. मी त्या लढती मनापासून पाहते, त्यांच्यावर लिहिते, आणि २०१८ ची ती सहीसुद्धा प्रत्येक वेळी लिहून ठेवते.