नक्की 50 की नक्की 40?

लोक जोखमीचे निर्णय कसे घेतात हे ओळखणारं न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारा संगणक प्रोग्राम) मी तीन आठवडे घासत होतो. डेटा आमच्याच प्रयोगातला: पैसे घेऊन उत्तरं देणारे विद्यार्थी, साडेतीनशे प्रश्न. 'नक्की 300 रुपये घेता, की नाणं उडवून 700 किंवा शून्य?' अशा थाटाचे.

नेटवर्कला न दाखवता बाजूला ठेवलेल्या प्रश्नांवर माझ्या अंदाजांतली चूक प्रॉस्पेक्ट थिअरीपेक्षा कमी आली. ही थिअरी म्हणजे लोक जोखमीत कसे निवडतात याचं कानेमन आणि त्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांचं 1979चं सूत्र. खरं सांगतो, थोडा माज आला होता.

माझ्या गाईड मॅडमनी आलेख पाहिला. "छान. आता त्याला विचार, नक्की 50 हवेत की नक्की 40?"

हे काय विचारायचं? तरी चालवलं. उत्तर आलं: शंभरातले 23 जण 40 घेतील.

कोड दोनदा तपासला. चूक नव्हती. प्रयोग रचणारा असला प्रश्न घालतच नाही, उत्तर त्याला ठाऊक असतं. त्यामुळे नेटवर्कला तो कधी भेटलाच नव्हता. रकमा जवळजवळच्या दिसल्या की लोकांत फाटाफूट होते, एवढंच ते शिकलं होतं. जास्त पैसे बरे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी पार पडेल चेहरा केला असणार. कारण मॅडम म्हणाल्या, "अरे, 1979चं सूत्रही जसंच्या तसं लावलं तर कधीकधी सरळसरळ वाईट पर्याय निवडतं. म्हणून तर 1992 मध्ये त्यांनी ते सुधारलं."

2021 साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या, अशाच निर्णयांवरच्या अभ्यासात दहा हजारांच्या आसपास प्रश्न होते. तिथे नेटवर्कला मोकळं सोडणं परवडतं. साडेतीनशेत नाही. मग 2019च्या एका शोधनिबंधातली युक्ती उचलली. 'बीस्ट' नावाचं मानसशास्त्रीय मॉडेल आहे, त्याच्याकडून लाखभर बनावट उत्तरं करवून घेतली, नेटवर्क आधी त्यांवर शिकवलं आणि मगच आमच्या मुलांचा डेटा दाखवला. म्हणजे आधी पुस्तक, मग अनुभव. रात्रभर मशीन चालू ठेवलं.

सकाळी पहिला प्रश्न तोच. शंभरातले 2 जण 40 घेतील.

"अजून 2 उरलेच," मी म्हणालो.

"ते राहू दे," मॅडम म्हणाल्या. "शेवटच्या पाच मिनिटांत नुसती बटणं बडवणारी पोरं तू पाहिली नाहीस का?"