पॅसेज

आमची आत्या वरळीच्या बीडीडी चाळीत तिसऱ्या माळ्यावर राहायची. मे महिन्यात आम्ही भावंडं तिच्याकडे पडीक. चाळ म्हटलं की लोकांना गॅलरी, कठडा आणि कठड्यावर वाळणारे कपडे आठवतात. बीडीडीत गॅलरी नाहीच. मधोमध पॅसेज आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. भर दुपारी दिवा लावावा लागायचा.

गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या आणि त्यासाठी कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर घ्यायचा, असा बेत होता. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून चाळी झाल्या २०७. चाळीला ८० खोल्या. हिशेब साडेसोळा हजारांवरच थांबला. (सरकारी आकडे तेव्हाही असेच!) बांधल्या त्याही बऱ्याच रिकाम्या पडल्या. भाडं परवडेना आणि वरळी तेव्हा आडबाजूला. पुढे सत्याग्रहींना डांबायला सरकारला याच चाळी उपयोगी पडल्या. त्या काँक्रीटकडे पाहून मला नवल वाटत नाही.

पण आत्याच्या १६० चौरस फुटांत नऊ माणसं मावली ती त्या अंधाऱ्या पॅसेजमुळे. बायका तिथेच सूप घेऊन तांदूळ निवडायच्या. आम्ही प्लास्टिकच्या बॉलनं क्रिकेट खेळायचो. बॉल कुणाच्या घरात गेला की आऊट, आणि त्या घरात डाळीचं पातेलं उघडं असलं तर मॅचच बंद. कुणाकडे बोंबील तळताहेत, ते जिन्यातच कळायचं. दार लोटलेलं दिसलं की आत आजारपण तरी किंवा भांडण तरी. रात्री दहानंतर पुरुषमाणसांच्या वळकट्या बाहेर यायच्या. प्रत्येकाची जागा ठरलेली, बापाची मुलाकडे जायची. आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, लग्न होईपर्यंत तिथेच झोपला.

आता चाळी पाडून नव्या इमारती होताहेत. वरळीत ऑगस्ट २०२५मध्ये त्यांतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांत दादाही. ५०० चौरस फूट, लिफ्ट, घरात संडास. रात्री-अपरात्री टमरेल घेऊन जायचं संपलं म्हणून वहिनी खूश आहे, आणि तिच्यासमोर जुन्या चाळीचं कौतुक करायची माझी छाती नाही.

पहिल्या रात्री दादाला झोप येईना. उठून त्यानं बाहेरचं दार किलकिलं केलं आणि हॉलमध्ये दाराशी चटई टाकली. पहाटे वहिनी उठली, दार लावलं, कडी घातली आणि म्हणाली, "अहो, आत या."