सापाला सर्दी होते का?

"सापाला कसली रे सर्दी?" आईने साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर विचारलं. मी तेव्हा हातमोजे घालून चिमटे धूत होतो.

मी ह्यूस्टनजवळ राहतो. घरी चार बॉल पायथन होते. हे आफ्रिकेतले छोटे अजगर, चार-पाच फुटांचे. घाबरले की चेंडूसारखे गुंडाळून बसतात. पाचवी मादी मी एका प्रदर्शनातून आणली. नवा साप निदान 90 दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचा, हे मला पाठ होतं. पण घरी पाहुणे येणार होते, खोली रिकामी हवी होती. पाचव्या आठवड्यात तिला बाकीच्यांच्या खोलीत हलवलं. चांगली खात होती, दिसायला ठणठणीत.

दोनेक महिन्यांनी जुना नर श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज करू लागला. तोंड किंचित उघडं, कडेला चिकट लाळ. मी आधी पिंजऱ्याचं तापमान वाढवलं. हौशी माणूस पहिल्यांदा तेच करतो. मग एका डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. आठवडाभर बरं वाटलं, पुन्हा तेच. सापाला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. तो आतच साठत जातो. आईला हे सांगितलं तर ती गप्पच झाली.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्याच डॉक्टर असलेल्या दुसऱ्या बाईंनी नराकडे बघायच्या आधी मला विचारलं, "घरात नवीन कोण आलंय?" तिथेच मला कळलं.

पाचही सापांच्या घशातून कापसाच्या काडीने नमुने घेतले. मी मान धरायची, त्यांनी तोंड उघडायचं. सगळ्यात शांत साप त्या दिवशी सगळ्यात जास्त भांडला. पीसीआरचा निकाल यायला आठवडा लागला, तो आठवडा मी खोलीत जायलाच घाबरत होतो.

तीन पॉझिटिव्ह: नर, एक जुनी मादी आणि ती नवी, जिला अजून एकही लक्षण नव्हतं. विषाणू निडोव्हायरस, म्हणजे करोनाचा लांबचा भाऊबंद. बॉल पायथनमध्ये त्याचं वर्णन 2014 मध्ये झालं आणि 2018 मध्ये निरोगी सापांना तो मुद्दाम देऊन पाहिला, तर त्यांनाही श्वसनाचा आजार झाला. त्यावर लस नाही, त्याला मारणारं औषधही नाही. अँटिबायोटिक फक्त मागाहून होणाऱ्या जिवाणूसंसर्गासाठी.

नव्या मादीची लाळ बाकीच्यांपर्यंत कशी पोचली असेल, हे मी रात्र रात्र आठवत बसलो. सगळ्यांना उंदीर भरवायचा चिमटा एकच. पाण्याची भांडी घासायचा स्पंजही एकच. साप एकमेकांना भेटले नव्हते, मीच भेटवत होतो.

आता दोन खोल्या आहेत. निगेटिव्ह दोघांचं आधी करायचं, पॉझिटिव्हांचं शेवटी, मग अंघोळ. एका निगेटिव्ह निकालावर डॉक्टरीणबाईंचा भरवसा नाही, म्हणून त्या दोघांची पुन्हा तपासणी झाली. दोघं अजून निगेटिव्ह. नराला मात्र दयामरण द्यावं लागलं. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

नवी मादी अजूनही मजेत खाते. तिला कुणाला देता येत नाही, विकायचा तर प्रश्नच नाही. पाहुण्यांची खोली आता कायमची तिची आणि त्या जुन्या मादीची.

"मग आम्ही आलो की झोपायचं कुठे?" आई.

"हॉलमध्ये."