पांढरं दिसलं की गारगोटी?

रविवार, संध्याकाळ

पुण्यात दगड ओळखायला शिकणं सोपं वाटतं, कारण खडक जवळपास एकच. वेताळ टेकडी घ्या, जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वराचं लेणं घ्या, नाहीतर मुठेचं पात्र: सगळीकडे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचत गेले, त्यांचाच हा काळा कातळ. घोटाळा सुरू होतो तो त्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांपाशी. नवखा माणूस कातळाकडे बघतच नाही, थेट ठिपक्यांवर जातो आणि त्या सगळ्यांना एकच नाव देऊन मोकळा होतो: गारगोटी.

म्हणून पहिला प्रश्न ठिपक्याच्या कडेचा. दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि दगड भिंगाजवळ आणायचा. भिंग दगडावर धरून लांबून वाकलं तर काहीच नीट दिसत नाही. कडा सरळ असेल, पट्टीसारखा आकार असेल आणि दगड फिरवताना एक बाजू चमकून जात असेल, तर तो फेल्डस्पार. तो लाव्हा थिजतानाच घडलेला, म्हणजे खडकाचाच भाग. कडा गोल किंवा बदामासारखी असेल, तर ती वायूच्या बुडबुड्याची पोकळी. तिच्यात नंतर झिरपलेल्या पाण्यातून खनिजं भरली. हा एक फरक डोळ्यात बसला की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

पोकळीतल्या पांढऱ्याला मात्र रंगावरून नाव देता येत नाही. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, शिवाय कॅल्साइट, स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, अपोफिलाइट. सगळी पांढरी किंवा रंगहीन असू शकतात. इथे काठिण्य कामाला येतं. खनिजांचं काठिण्य १ (सर्वांत मऊ) ते १० (सर्वांत कठीण) असं मोजणाऱ्या मोसच्या मापावर नख अडीच, काच आणि साधी सुरी साडेपाचच्या आसपास. क्वार्ट्झ ७, म्हणजे तो काच सहज ओरखडतो. कॅल्साइट ३, स्टिलबाइट आणि ह्यूलँडाइट साडेतीन ते चार, अपोफिलाइट साडेचार ते पाच. यांनी काचेवर चरा पडत नाही.

नेमकी याच चाचणीत चूक होते. मऊ खनिज काचेवर घासलं की त्याचीच भुकटी रेघेसारखी चिकटते आणि ‘चरा पडला’ असं वाटतं. ओल्या बोटाने पुसायचं. रेघ गेली तर ती भुकटी. राहिली, आणि नखाला खाच लागली, तरच तो चरा. उलट बाजूनेही तसंच: क्वार्ट्झवर सुरी ओढली की राखाडी रेघ उठते, पण ती सुरीच्या पोलादाची. काच नेहमी टेबलावर सपाट ठेवावी, हातात धरू नये. स्कोलेसाइटच्या सुयांचा झुबका घासूच नये. सुया सुट्या होऊन मोडतात आणि खनिज आहे त्याहून मऊ वाटतं.

कॅल्साइटची खूण व्हिनेगर. अख्ख्या स्फटिकावर थेंब टाकला तर बुडबुडे इतके सावकाश येतात की ‘काही झालं नाही’ असं वाटतं. तुटका कण कुटून चिमूटभर पूड करावी, त्यावर थेंब टाकावा आणि भिंगातून बघावं. फसफसलं तर कॅल्साइट. चांगला नमुना ‘स्वच्छ करायला’ आम्लात बुडवणं मात्र अगदी टाळावं. स्कोलेसाइटसारख्या झिओलाइटचा (पोकळ्यांत वाढणाऱ्या खनिजांचा एक गट) तीव्र आम्लात जेलीसारखा लगदा होतो आणि पुन्हा न मिळणारा स्फटिक कायमचा जातो.

सुट्या तुकड्याची घनता घरच्या वजनकाट्यावर निघते. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा. आधी कोरडं वजन घ्यायचं. मग पाण्याची वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि दोऱ्याने बांधलेला तुकडा पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरायचा. काटा दाखवेल तितके घन सेंटिमीटर त्याचं आकारमान. कोरडं वजन ५३ ग्रॅम आणि काट्यावर २०, तर घनता २.६५, म्हणजे क्वार्ट्झला जुळणारी. स्टिलबाइट २.२ च्या आसपास येतो, तो लगेच वेगळा पडतो. कॅल्साइट २.७१; एवढा बारीक फरक छोट्या तुकड्यावर पकडता येत नाही, तिथे व्हिनेगरच खरा. तुकड्याला कातळ चिकटलेला असेल तर आकडा वर सरकतो, कारण बेसाल्ट स्वतः २.८ ते ३ चा.

उरतात आकार आणि चमक. अपोफिलाइटचा चौकोनी खांब, टोकाला मनोरा. आडवा तुटतो तिथे मोत्याची झाक. स्टिलबाइट मधे आवळलेल्या गव्हाच्या पेंढीसारखा. ह्यूलँडाइट पेटीसारखा, त्याच्याही एका बाजूला मोत्याची झाक. वाघोलीच्या खाणींतून आलेला निळाशार कॅव्हनसाइट मात्र रंगावरूनच कळतो. रंगावर भिस्त ठेवावी असा इथला तो विरळा अपवाद.

टेकडीवर हातोडी चालवू नये; पावसाने सुटलेल्या दगडांवर शिकण्यापुरतं भरपूर दिसतं. चालू खाणीत मालकाला विचारून जावं, कड्याच्या थेट खाली उभं राहू नये. बेसाल्ट फोडताना चष्मा हवाच, त्याच्या कपच्या काचेसारख्या उडतात. प्रत्येक तुकड्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यावा, त्यावर क्रमांक, आणि वहीत त्याच दिवशी तो सापडल्याची जागा. आठवड्याने लिहिलेली जागा बहुतेक चुकते.

स्टिलबाइट की ह्यूलँडाइट हे भिंगाखालीही ठरत नसेल, तर वहीत एवढंच लिहावं: ‘मोत्याची चमक, एकाच दिशेने सुटणारे पापुद्रे, काचेवर चरा नाही, व्हिनेगरला फेस नाही.’ नावाची जागा पेन्सिलीसाठी मोकळी ठेवावी.